चिसोमोचं दप्तर

एस्तेर, तुला जाऊन नऊ दिवस झाले. आपलं भांडण अर्धं टाकून तू गेलीस आणि जाता जाता मला कामालाही लावून गेलीस. हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. नर्स होतीस ना, खाटेवर पडलेल्यालाही उठवून चार पावलं चालायला लावायचीस.

काम काय ते तुला ठाऊक आहे, तरी सांगते. मलावीतलं तुझं होम पुन्हा उघडायचं का, असं तिथल्या मिशनने इथल्या तुझ्या चर्चला विचारलं आहे. एड्सने आईबाप गेलेल्या मुलांसाठी तूच ते उभं केलंस आणि तूच रिकामं केलंस. पाच वर्षं इमारत कुलूप लावून उभी आहे. परवा तुझी भाची रेचल तो कागद घेऊन माझ्याकडे आली. चपला न काढताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, हा आत्याकडे आला होता. तिने उत्तर लिहिलंच नाही. खाली एवढंच लिहिलंय. वाचू?"

मी म्हटलं, वाच.

"कौसाबाईला विचारा. ती देवापेक्षा लवकर उत्तर देते."

रेचल हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी म्हटलं, "आधी चपला काढ आणि आत ये."

रविवारी प्रार्थना झाल्यावर पास्टर लिम आणि चर्चची चार माणसं बसणार आहेत. मला तिथे जायचं आहे. मी ख्रिस्ती नाही, मला इंग्रजी येत नाही, मलावी मी नकाशातही बघितलेला नाही. तरी त्या लोकांनी रेचलला सांगितलं, सिस्टर एस्तेरने लिहिलंय तर आंटीलाच विचारायचं. उघडा म्हणायचं की उघडू नका म्हणायचं, एवढंच आहे. आठ वर्षं तुला मी उत्तरं देत आले, कधी अडले नाही. आता अडले आहे, आणि का अडले ते तुझ्याशीच बोलायला हवं, दुसऱ्या कोणाला त्यातलं काही कळणार नाही.

तुझ्या मयतीला माणसं बरीच आली. तुझ्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, पंखे लावले होते, गोल टेबलं मांडली होती, त्यावर पांढरे कागद आणि प्रत्येक टेबलावर शेंगदाण्यांची बशी. इथली रीतच आहे ती, मयतीला आलेला माणूस दाणे खात बसतो. तुझ्या लोकांनी गाणी म्हटली. एक गाणं रेचलने मराठीत म्हटलं, एकटीनेच, कारण ते दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. मी दाणे खात होते. माझ्या सुनेने हळूच कोपर मारलं, "आई, सगळे बघतायत." बघू देत. ते दाणे बघून मला तुझी फाटकावरची बाई आठवली होती, आणि तिची आठवण काढणारी त्या मांडवात मी एकटीच होते.

पण आधीपासून सांगते.

आपली ओळख इथे परदेशात आल्यावर बेडोकच्या बाजारात झाली. भाजीवाल्यापुढे उभी राहून तू जुडी हातात घेऊन मराठीत एकटीच बोलत होतीस, "हिला काय कोथिंबीर म्हणायचं का आता?" मी मागून म्हटलं, "म्हणायचं नाही, पण घ्यायची तीच." तू अशी वळलीस की मला वाटलं मारतेस. मग बाजारामागच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या मोठ्या छपराखाली, आपण आल्याचा चहा घेतला आणि दुपारपर्यंत उठलो नाही. माझ्या मुलाने मला शोधायला फोन केले, रेचलने तुला.

पहिल्याच दिवशी कळलं, दोघींची आई लहानपणी गेलेली. तू सहा वर्षांची होतीस, मी सात. तुझ्या बापाने तुला जालन्याकडच्या मिशनच्या बोर्डिंगात टाकलं. माझा बाप दुसरं लग्न करून निघून गेला आणि मला आजीने ठेवून घेतलं. आमच्या गावातही मिशनच्या बाया आल्या होत्या मला न्यायला, आजीने पाठवलं नाही. तू मॅट्रिक झालीस, नर्स झालीस, विमानात बसून आफ्रिकेत गेलीस. मी चौथी झाले आणि शेण काढायला लागले. तू म्हणालीस, "बोर्डिंग नसतं तर मी मेलेच असते." मी म्हटलं, "आजी नसती तर मी." तिथूनच आपलं सुरू झालं.

लोकांना वाटायचं आपण देवावरून भांडतो. देवावरून आपण फार थोडं भांडलो. एकदा मी विचारलं होतं, "त्या पोरांना जेवायला घालायच्या आधी प्रार्थना म्हणायला लावायचीस की नाही, खरं सांग." तू म्हणालीस, "भुकेलेलं पोर प्रार्थनेत काय ऐकणार? आधी जेवण, मागून प्रार्थना. आणि प्रार्थनेच्या वेळी निम्मी झोपलेली असायची."  आणखी एकदा विचारलं, "एड्सवर औषध आलं नव्हतं तेव्हा तू तिथे काय करायचीस?" तू म्हणालीस, "अंग पुसायचे. दुसरं काय करणार? लोक त्या आजारी बायांना हात लावत नव्हते. मी गरम पाण्याने अंग पुसायचे, केस विंचरायचे, आणि पोरांना जवळ बसू द्यायचे." हे तू चहात बिस्कीट बुडवत सांगितलंस. नंतर घरी येऊन मी बराच वेळ काही काम केलं नाही. हे तुला सांगितलं नव्हतं. तुझी मान ताठ झाली असती.

फाटकावरच्या बाईची गोष्ट तू मला दोन वर्षांनी सांगितलीस, तीही मजेची म्हणून सांगायला लागलीस. होमच्या फाटकाबाहेर आंब्याखाली एक म्हातारी भाजक्या शेंगांची पाटी घेऊन बसायची. चार वर्षं रोज. शाळा सुटली की होममधली एक मुलगी तिच्याकडे जाऊन मूठभर शेंगा घेऊन यायची. तू त्या मुलीला रागवायचीस, भीक मागू नकोस म्हणून. रविवारी ती म्हातारी चर्चमध्ये सगळ्यात मागे बसायची. एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगत आलं, शेंगावाली गेली. ती मुलगी अंगणात पडून मातीत तोंड घालून ओरडायला लागली, "आगोगो, आगोगो." तिकडे आजीला आगोगो म्हणतात.

तुझ्या होमचा नियम होता, ज्याचं कोणीच नाही त्यालाच घ्यायचं. म्हणून त्या म्हातारीने नातीला आणून सोडताना सांगितलं, ही पोर मला रस्त्यात सापडली. आणि नातीला बजावलं, मला आजी म्हणायचं नाही, म्हटलंस तर तुला बाहेर काढतील. मग शेंगा घेऊन फाटकावर येऊन बसली.

तू म्हणालीस, "बघ किती हुशार!"

मी म्हटलं, "आणि तुला चार वर्षं कळलं नाही?"

"कसं कळणार? रजिस्टरात लिहिलं होतं, नातेवाईक कोणी नाही."

"रजिस्टर कोणाचं?"

"माझं."

"मग 'कोणी नाही' हे तिने नाही लिहिलं. तू लिहिलंस. आणखी किती आज्या आहेत तुझ्या फाटकाबाहेर? मोजल्यास कधी?"

 मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे बोलले. तूच मला एकदा सांगितलं होतंस की तुझी आजी महिन्यातून एकदा चालत बोर्डिंगपर्यंत यायची, वार चुकला की तिला आत सोडायचे नाहीत, ती फाटकाबाहेर उभी राहायची, आणि तू खिडकीतून बघायचीस पण मैत्रिणींची लाज वाटून हात करायची नाहीस. तेच मी तुझ्यावर उलटवलं. म्हटलं, "दुसऱ्या कोणाला नाही, पण तुला तरी फाटकावरची आजी ओळखू यायला हवी होती."

तू उठलीस. चहा तसाच राहिला. ग्लासावर साय धरेपर्यंत मी बसून राहिले, मग तुझाही पिऊन टाकला.

सव्वा महिना तू बोलली नाहीस. हॉकर सेंटरच्या दुसऱ्या टोकाला, मटणसूपवाल्याजवळ बसायचीस, माझ्याकडे पाठ करून. माझा नातू मला म्हणाला, "आज्जी, से सॉरी लाह." मी म्हटलं, चूक केली असती तर म्हटलं असतं. खरं म्हणजे जे बोलले ते बरोबर होतं आणि जसं बोलले ते चूक होतं, आणि ह्या दोन्हीला मिळून काय म्हणायचं ते मला येत नव्हतं.

मग एका सकाळी तू दोन्ही हातांत दोन ग्लास घेऊन माझ्या टेबलापाशी आलीस. "मी मिशनला लिहिलंय. मुलांना आपापल्या माणसांकडे पाठवायचं. पण तुझं ऐकून नाही, देवाला विचारून."

"देव काय म्हणाला?"

"तू म्हणालीस तेच म्हणाला. पण तो जरा नीट बोलला."

तुझ्या त्या एका वाक्यावर मी पुढे सहा वर्षं काढली.

वर्षभर तुझं तेच चाललं होतं. निवृत्त होऊन भाचीकडे आलेली बाई, पण रोज सकाळी फोन कानाला. एकेक मूल, त्याची आजी कुठे, मामा कुठे, आत्या कुठे. निम्म्याहून जास्त मुलांच्या आज्या जिवंत निघाल्या. तू मला नावं सांगायचीस आणि मी म्हणायचे, "बघ." इतक्या वेळा म्हटलं की तू म्हणालीस, "आता बघ म्हणालीस तर चहा तू पाज." घरी गेलेल्या मुलांना मक्याचं पीठ, शाळेचे कपडे, आणि गोळ्या घेऊन सायकलवरून फिरणारी एक नर्स, अशी व्यवस्था लागली. ज्यांचं खरंच कोणी नव्हतं ती दोन-तीन मुलं स्वयंपाकिणीने आपल्या घरी नेली. होमला कुलूप लागलं. त्या दिवशी तू उदास होतीस आणि मी नव्हते.

शेवटी एक मुलगी राहिली होती. चिसोमो. नऊ वर्षांची. तिचा फोटो तू मला दाखवलास, पुढचे दोन दात नवे आलेले, तोंडापेक्षा मोठे. तिला आईकडूनच तो आजार आलेला, दिवसातून दोनदा गोळी घ्यायची, वेळ चुकवायची नाही. तिची आगोगो नदीपलीकडे राहायची, वाडीतलं शेवटचं घर. तू मला विचारलंस, एस्तेर. हे मला नीट आठवतं, कारण तू सहसा विचारत नसायचीस, सांगायचीस. तू विचारलंस, "हिला एकटीला स्वयंपाकिणीकडे ठेवू का? नदी आहे मध्ये."

मी म्हटलं, "सगळ्यांना घरी पाठवतेस आणि एकीला ठेवतेस? आजी असून? तिला काय वाटेल?"

तू तिला पाठवलंस.

त्या मुलीत माझा जीव का अडकला सांगता येत नाही. दातांमुळे असेल. पहिल्यांदा मी तिला लाल रिबिनी आणल्या. तू हॉकर सेंटरमध्ये सगळ्यांनी बघावं इतकं हसलीस. "अगं, तिकडे शाळेत मुलींचे केस बारीक कापलेले असतात. रिबिनी कुठे बांधणार, कानाला?" म्हणून मग मी दप्तर शिवलं. नातवाची जीन्स कापून, दुहेरी शिवण घालून, आत गोळ्यांच्या डबीसाठी एक चोरकप्पा. तू तिकडे निघालीस तेव्हा माझ्यासमोर ते बॅगेत सगळ्यात वर ठेवलंस. परत आलीस तेव्हा मी प्रवासाचा थकवा उतरायचीही वाट बघितली नाही.

"दिलंस?"

"दिलं."

"आवडलं?"

"हो. तुझे गुडघे कसे आहेत?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझ्या गुडघ्यांची चौकशी तू त्याआधी कधी केली नव्हतीस. पुढे तीन वर्षं मी विचारत राहिले आणि तू सांगत राहिलीस. उंच झाली. चौथीत गेली. गोळ्या वेळेवर घेते.

परवा रेचलने तो कागद वाचून दाखवला आणि मग पिशवीतून दप्तर काढून माझ्यासमोर ठेवलं. तुझ्या कपाटात खाली, चादरींच्या मागे होतं. बंदांच्या खुणेसाठी मी काढलेली खडूची रेघही तशीच होती. चोरकप्प्यात माझ्या रिबिनी.

मी रेचलला म्हटलं, "खरं सांग."

तिने सांगितलं. तू तिकडे पोचलीस त्याच्या आधीच चिसोमो गेली होती. पावसाळ्यात नदी भरली, नर्सची सायकल कितीतरी आठवडे पलीकडे जाऊ शकली नाही. गोळ्या संपल्या. खोकला सुरू झाला, मग ताप. शेवटी आजी तिला पाठीला बांधून नदीपर्यंत आली. पलीकडून नर्स हातवारे करत होती. मध्ये पाणी.

"आत्या म्हणायची, कौसाबाईला सांगू नकोस," रेचल म्हणाली. मी म्हटलं, "मला वाईट वाटेल म्हणून?" ती जरा अडखळली. "तसं नाही मावशी. आत्या म्हणायची, कळलं तर ती आज्यांची बाजू सोडून देईल. आणि बाकीच्या पोरांना आज्या हव्या आहेत."

एस्तेर, मला आधी राग आला. तीन वर्षं तू माझ्या समोर बसून चहा पीत होतीस आणि माझ्या उत्तराने काय झालं ते एकटी गिळत होतीस. मी काय दुधखुळी होते? मला सांगितलं असतंस तर मी सोसलं असतं. माझा नवरा गेला, थोरला मुलगा गेला, मी उभी राहिले. हेही सोसलं असतं. तुला माझ्यावर तेवढा भरवसा नव्हता, हे मला लागलं.

मग दोन दिवस गेले. मी ते दप्तर खुंटीला टांगलं, काढलं, पुन्हा टांगलं. आणि माझ्या लक्षात आलं की तुझं बरोबर होतं. तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुला म्हटलं असतं, आण सगळ्यांना परत. नक्की म्हटलं असतं, दुसऱ्याच दिवशी, जितक्या लवकर मी सगळंच बोलते तितक्या लवकर. आणि तू ऐकलं असतंस. म्हणून तू माझं तोंड बंद ठेवलंस. बोर्डिंगची मुलगी असून माझी बाजू तू माझ्यापासूनही राखलीस. माझ्यासाठी कोणी एवढं केलेलं नाही. मी तुझे साधे आभारही कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती.

इथपर्यंत लिहून मी कागद ठेवून दिला होता. आज सोमवार आहे. काल जाऊन आले.

चर्चच्या मागच्या खोलीत बसवलं मला. चहा दिला, गोडमिट्ट. पास्टर लिम फार सभ्य माणूस आहे, तू म्हणायचीस तसाच, बोलायच्या आधी चष्मा पुसतो. रेचल माझ्या शेजारी, माझं इंग्रजी करायला. मी वाट बघत बसले नाही. म्हटलं, "उघडा."

रेचलने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं मी नको म्हणणार.

मी म्हटलं, "सांग त्यांना. उघडा, पण आधी रजिस्टर बदला. तुम्ही 'कोणी नाही' लिहिलेलं मूल घेत होता. आता कोण आहे ते लिहिल्याशिवाय घेऊ नका. आजी, मामा, शेजारीण, शेंगावाली, कोणीही. पहिल्या ओळीत त्या माणसाचं नाव. आणि त्या माणसाला येऊन राहायला एक खोली ठेवा, वार न विचारता. नदीपलीकडची, गोळ्या घेणारी मुलं पावसाळ्यात तिथे राहतील, आजीला घेऊन. पाऊस सरला की घरी."

पास्टरने चष्मा पुसला. "आंटी, सो ओपन ऑर क्लोज?"

"दोन्ही," मी म्हटलं. "फाटक दिवसा उघडं ठेवा."

एका बाईने विचारलं, आणि एखाद्याचं खरंच कोणी नसलं तर? मी म्हटलं, "स्वयंपाकीण आहे ना. ती नसली तर तुम्ही आहात. तुमचं नाव लिहा. ओळ रिकामी ठेवायची नाही." रेचलने ते इंग्रजीत सांगितलं. मग पास्टर लिमने कागद घेतला आणि लिहायला लागले. मध्येच मान वर करून म्हणाले, "कॅन. दिस वन कॅन." मी रेचलला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "जमेल म्हणाले, मावशी."

मी त्यांना चिसोमोचं सांगितलं. माझ्या तोंडूनच सांगितलं, कोणाच्या सांगण्यावरून ती नदीपलीकडे गेली तेही. रेचल ते इंग्रजीत करताना थांबली. मी म्हटलं, "सगळं सांग. कमी करू नकोस." तिने सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले.

दप्तर मी पाठवलं नाही. ते तिचं आहे, तेव्हा ते इथेच राहील. तिकडच्यांसाठी नवीन शिवायला घेते. नातवाच्या जीन्स मोजून ठेवल्या आहेत. त्याला अजून सांगितलेलं नाही.

परत येताना लिफ्टमध्ये रेचलने विचारलं, "मावशी, आज तू आत्याची बाजू घेतलीस की स्वतःची?"

मी म्हटलं, मजला आला, उतर.

तिला सांगितलं नाही. तुला सांगते. आठ वर्षांत सांगितलं नाही ते.

माझ्या आजीने मला बोर्डिंगात पाठवलं नाही, असं मी तुला नेहमी सांगत आले. ते तसं नव्हतं. त्या दोन बाया आमच्या ओट्यावर बसल्या होत्या, एकीच्या हातात काळी छत्री होती. आजीने त्यांच्यासमोर मला विचारलं, "जायचं का गं तुला?" ती भांडं घासत होती, मान वर केली नाही. मी तिच्या हाताकडे बघितलं. हात थांबला होता. मी म्हटलं, नाही. बाया उठल्या आणि गेल्या.

एस्तेर, मी आदल्या संध्याकाळीच दप्तर भरून कणगीमागे ठेवलं होतं. पाटी, पेन्सिल आणि दुसरा परकर. मला जायचं होतं. आणि आजीलाही सोडायचं नव्हतं. कोणी जर तेव्हा म्हटलं असतं की जा, आणि आजीलाही घेऊन जा, तर मी त्या छत्रीच्या आधी रस्त्याला लागले असते.

रात्रीचं जेवण झाल्यावर आजी कणगीमागे गेली, दप्तर घेऊन आली. त्यातला परकर काढून घडी करून ठेवला. पाटी माझ्या हातात दिली.